‘आई, आता तुम्ही आराम करा’

छत्रपती संभाजीनगरात सिडकोत, गारखेड्यात, उस्मानपुऱ्यात, कुठल्याही घरी जा. साठी ओलांडलेल्या बाईच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं. ‘आई, आता तुम्ही आराम करा. आयुष्यभर खूप केलंत.’ मुलगा म्हणतो, सून म्हणते, शेजारीण म्हणते. कधीकधी डॉक्टरही म्हणतात. म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, हे मान्य. पण त्यामागचा समज साफ चुकीचा आहे आणि त्याची किंमत त्या बाईचे हातपाय मोजतात.

हे वाक्य नेमकं कधी ऐकू येतं ते बघा. सकाळी शेजारणींबरोबर गोगाबाबा टेकडीवर जाते म्हटलं, की ‘कशाला? आराम करा.’ पेटी शिकायची आहे, मोबाइलवरून पैसे कसे पाठवतात ते दाखव, मैत्रिणीबरोबर पैठणला जाऊन येते म्हटलं, की ‘आता या वयात?’ नातवाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायचं असतं, दिवाळीच्या चकल्या पाडायच्या असतात, गच्चीवर पापड-कुरडया घालायच्या असतात, तेव्हा मात्र आराम कुणालाच आठवत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. काम आहे तिथेच राहतं. सुट्टी मिळते ती फक्त तिच्या हौसेला.

आता शरीराचं. म्हातारपणी ताकद जायचीच, त्याला इलाज नाही, असं सगळे धरून चालतात. वयाबरोबर स्नायू कमी होतात हे खरं. पण बसून राहिल्याने ते कितीतरी झपाट्याने जातात आणि वापरले तर नव्वदीतही ताकद परत येते. पटत नसेल तर १९९० सालचा ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातला शोधनिबंध पाहा. बॉस्टनमधल्या वृद्धांच्या संस्थेत डॉ. मारिया फियाटरोनी आणि सहकाऱ्यांनी सरासरी नव्वद वर्षांच्या दहा अशक्त रहिवाशांना आठ आठवडे मांड्यांसाठी वजनांचा व्यायाम दिला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दहाच माणसं? शंका रास्त आहे. म्हणून याच संशोधकांनी पुढे शंभर जणांवर प्रयोग केला. तो १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. त्यातही व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीपेक्षा जास्त झाली.

जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून हेच सांगते आहे: पासष्टीपुढे आठवड्याला किमान १५० मिनिटं दम वाढेल असं चालणं किंवा तत्सम श्रम, आणि आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम. स्वयंपाकघरात दिवसभर उभं राहून पाय दुखतात, ताकद वाढत नाही. ताकद वाढवायला जिमही लागत नाही. हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेला बसा, पावलं जमिनीवर सपाट, हात छातीवर. अंग थोडं पुढे झुकवून उठा आणि बसताना सावकाश बसा. धपकन बसायचं नाही. मांडीचं खरं काम त्या सावकाश बसण्यात होतं. सुरुवातीला हाताचा आधार लागला तरी चालेल. पाच वेळा जमलं की हळूहळू दहा. हृदयविकार असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पण विचारताना ‘व्यायाम करू का?’ असं न विचारता ‘कोणता करू?’ असं विचारा.

‘गुडघे झिजलेत, चालायचं नाही’ हा याच समजाचा सख्खा भाऊ. गुडघ्याच्या संधिवातात योग्य व्यायाम हा पहिल्या फळीचा उपचार आहे. मांडीचे स्नायू दुबळे राहिले की गुडघ्यावरचा ताण वाढतो. आणि स्नायूंना प्रथिनं लागतात. घरात सर्वांत शेवटी, उरलेल्या वरणावर जेवणाऱ्या बाईच्या ताटात ती कुठून येणार? उपवासाच्या साबुदाण्यात बहुतेक पिष्टच असतं, हेही ध्यानात ठेवा.

दुसरा समज डोक्याचा: या वयात नवं काही शिरत नाही. ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळच्या फांगणे गावात शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी शाळेत बसल्या आणि जन्मभर अंगठा उठवलेल्या हातांनी सही करू लागल्या. याच शहरातल्या कवयित्री अनुराधा पाटील यांना २०१९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा त्या साठी ओलांडून गेल्या होत्या. तारा भवाळकर पंचाऐंशीव्या वर्षी दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या.

बारामतीची शर्यत नऊवारीत अनवाणी धावून जिंकणाऱ्या लता करे यांचं उदाहरणही नेहमी दिलं जातं. त्या नवऱ्याच्या उपचारांच्या पैशांसाठी धावल्या. त्यांच्या जिद्दीला नमस्कार. पण साठीच्या बाईला औषधपाण्यासाठी धावावं लागतं, ही अभिमानाने मिरवायची गोष्ट नाही.

जगण्याला हेतू असला की आयुष्य वाढतं, असंही आता फिरतं. २०१९ मध्ये सुमारे सात हजार अमेरिकनांच्या अभ्यासात हेतू असलेल्यांचा मृत्युदर कमी दिसला, हे खरं. मात्र आजारी माणसाचा हेतूही मंदावतो, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्यातून ठरत नाही. तसंही साठीला पोचलेल्या भारतीय स्त्रीपुढे सरासरी अठराहून अधिक वर्षं असतात. एवढी वर्षं नुसती काढायची?

बाकीचे समज थोडक्यात. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव ‘होतो कधीकधी’ म्हणून सोडायचा नसतो, लगेच तपासायचा असतो. खोकताना लघवी सुटणं हा वयाचा भोग नव्हे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने बरंच आटोक्यात येतं. एसटीत पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत आहे आणि २०२३ पासून सर्व महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा पैठण-वेरूळचा खर्च हे कारण उरत नाही.

‘घर मुलाच्या नावावर करून टाका, म्हणजे काळजी मिटली’ हा सल्ला मात्र घाईने मानू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मागता येते. ती अट बक्षीसपत्रातच लिहून घ्या. तोंडी वचन सिद्ध करणं फार अवघड जातं. पोटगीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो. आधी कुणाशी बोलायचं असेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे.