एका भांड्यातलं जेवण (लेखांक ९) : घाटमाथ्यावरचे शेंगोळे

कार्तिकात बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून वर आलं की गारठा आधी कानाला लागतो. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून वीरशैव लिंगायत भाविकांच्या दिंड्या पायी येतात. तिथल्या धबधब्याचा पावसाळी जोर तोवर ओसरलेला असतो आणि रानातले हुलगे खळ्यावर यायला लागलेले असतात. दिवेलागणीनंतर बालाघाटाच्या या माथ्यावर वारा सुटला की भाजी-भाकरी-वरण असा तीन भांड्यांचा उरक कोणालाच नको असतो. अशा रात्री शेंगोळे होतात: हुलग्याच्या पिठाची कडी, फोडणीच्या रस्स्यात शिजवलेली.

आज खरं तर पाळी होती शेफर्ड्स पायची. मेंढीच्या मांसाचा दाट रस्सेदार खिमा, त्यावर लोणी घालून कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर, आणि हे सगळं भट्टीत ठेवून वरचा थर खरपूस करायचा. विलायतेतल्या घरांत थंडीच्या रात्रीचं हे हक्काचं जेवण. त्याचा थोरला भाऊ कॉटेज पाय. हे नाव इंग्रजीत १७९१ सालापासून लिहिलेलं सापडतं. शेफर्ड्स पाय हे नाव त्यानंतर, १९व्या शतकाच्या मध्याला आलं. आज गोमांसाचा तो कॉटेज आणि मेंढीचा तो शेफर्ड्स असा भेद करतात, पण जुन्या गृहिणींनी तो फारसा पाळलेला दिसत नाही. रविवारी भाजलेलं मांस उरायचं, सोमवारी ते बारीक करून बटाट्याखाली झाकायचं, हा मूळ व्यवहार. थोडं मांस घरभर पुरवठ्याला आणायची युक्ती, दुसरं काही नाही.

आता हा पदार्थ कपिलधारच्या पंचक्रोशीत आणायचा तर दोन अडचणी. पहिली उघड आहे: लिंगायत घरात मांस शिजत नाही. ही अडचण तशी मोठी नाही, कारण बिनमांसाचा पाय खुद्द इंग्रजांनीच करून ठेवला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या मार्चपासून, ब्रिटनमध्ये मांसाचं रेशनिंग सुरू झालं आणि ते थेट १९५४ पर्यंत चाललं. त्या काळात अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाने एक पाय निघाला. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याने तो बसवला होता. आत गाजर, फ्लॉवर, बटाटा, सलगमासारखी कंदमुळं आणि ओट, वर बटाट्याचं किंवा जाड्याभरड्या पिठाचं झाकण. लोकांनी तो देशभक्ती म्हणून खाल्ला. आवडीने किती जणांनी खाल्ला, हा वेगळा विषय.

दुसरी अडचण खरी आहे. आपल्याकडे भट्टी नाही. चूल आहे, गॅस आहे, तवा आहे, पातेलं आहे. म्हणजे खालून आच मिळते, वरून मिळत नाही. आणि पायचं सगळं मर्म वरच्या आचेत आहे. बटाट्याच्या थरावर काट्याने रेघा ओढतात त्या शोभेसाठी नाहीत. उंचावलेल्या कडा आधी कोरड्या पडतात, कोरडा पृष्ठभाग १४० अंशांच्या वर तापला की पिठूळ भागातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी जुळून तांबूस होतात आणि तो भाजका वास सुटतो. भाकरीच्या पापुद्र्यावरचे तांबूस डाग हा त्यातलाच प्रकार. पाणी असेल तिथे हे घडत नाही, कारण पाणी शंभरापुढे तापत नाही. बालाघाटाच्या उंचीवर तर ते दोनेक अंश आधीच उकळायला लागतं. म्हणून पातेल्यात रटरटणारा पदार्थ कितीही वेळ ठेवला तरी खरपूस होत नाही, फक्त गळून जातो.

मग शेंगोळ्यांना चव कुठून येते? फोडणीतून. पाय शेवटी तांबूस होतो, शेंगोळ्यांचं तांबूसपण सुरुवातीलाच उरकून घेतात. तेल पाण्याच्या कितीतरी वर तापतं. त्यात मोहरी तडतडते, जिरं फुलतं, ठेचलेला लसूण कडेने लाल होतो, हिंग पडतो, आणि तो सगळा भाजका अर्क तेलात उतरला की मग पाणी. भट्टीचं काम दोन मिनिटांत झालेलं असतं. म्हणूनच लसूण पांढरा असताना ज्यांनी पाणी ओतलं त्यांचे शेंगोळे आजाऱ्याच्या पथ्यासारखे लागतात, आणि नंतर वरून कितीही तिखट घातलं तरी ती उणीव भरून निघत नाही.

आता पीठ. हुलगा हे मुरमाड, हलक्या रानाचं पीक. पाऊस दोन-चार सरींवर आटोपला तरी पदरात काहीतरी टाकतं, म्हणून बीडसारख्या जिल्ह्यात त्याला मान. घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तिथल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या धान्यांत हुलगाही मिळाला. म्हणजे दख्खनच्या पठारावर बटाट्याच्या कितीतरी आधीपासून तो पोटाला आधार देतो आहे. शंभर ग्रॅममध्ये २० ते २२ ग्रॅम प्रथिनं. खिम्याची उणीव भासू नये एवढी ही पुंजी. आपल्या मेंढपाळाचं जेवणही याच धान्याच्या बाजूचं: हुलग्याचं माडगं, भाकरी, ताक. मेंढरं हे त्याचं भांडवल. तो रोज उठून भांडवल खात नाही. विलायती पायला मेंढपाळाचं नाव कोणी दिलं कोण जाणे, पण ते देणारा स्वतः मेंढरं राखत नसणार असा माझा अंदाज आहे.

चार माणसांना दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं आणि मूठभर गव्हाचं घ्यावं. हुलग्यात आणि ज्वारीत चिकटपणा नाही. गव्हाची मूठ ती कसर भरून काढते. काही घरांत गहू अजिबात घालत नाहीत. त्यांच्या हाताला सवय असते, आपल्या नसेल तर हट्ट करू नये. लसूण, जिरं, मीठ आणि लाल तिखट एकत्र वाटून पिठात घालायचं, वर हळद आणि चमचाभर ओवा. हुलगा पोटात वायू धरतो, ओवा आणि हिंग त्यासाठी. पीठ घट्ट मळायचं, पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट. सैल मळलं की शेंगोळे वळताना सोपं जातं आणि पातेल्यात पिठलं होतं.

वळणं हा सगळ्यात वेळखाऊ भाग. तळहाताला तेल लावायचं, सुपारीएवढा गोळा घेऊन दोन्ही तळव्यांत चोळत करंगळीहून बारीक दोरी करायची आणि टोकं जुळवून कडं करायचं. गोळेच का टाकत नाहीत? कारण गोळा बाहेरून विरघळायला लागतो तरी आत कच्चा राहतो. कड्याची जाडी सगळीकडे सारखी, मधे भोक, त्यामुळे पाणी चारी अंगांनी लागतं आणि सगळं एकदम शिजतं. मुलांच्या हातची कडी वाकडीतिकडी होतात, त्याने काही बिघडत नाही. जाड झाली तर मात्र बिघडतं.

फोडणीवर सहा-सात वाट्या पाणी, मीठ, हवं तर थोडं दाण्याचं कूट. मग सासूबाई सुनेला हमखास सांगतात ते वाक्य: "पाणी खळाखळा उकळू दे गं, मग सोड." त्यात पक्कं शास्त्र आहे. पिठातला स्टार्च पासष्ट-सत्तर अंशांच्या पुढे फुगून घट्ट होतो. उकळत्या पाण्यात कडं पडलं की त्याचं बाहेरचं अंग क्षणात बांधलं जातं. कोमट पाण्यात पडलं तर बांधलं जाण्याआधीच पीठ सुटतं. त्याच कारणाने सोडल्यावर पहिली चार-पाच मिनिटं पळी घालायची नाही. थोडी-थोडी करून सोडायची, म्हणजे उकळी मोडत नाही. नंतर झाकण अर्धवट ठेवून वीस-पंचवीस मिनिटं मध्यम आच. परात आणि हात धुतलेलं पिठाचं पाणी फेकायचं नाही, तेही पातेल्यातच. रस्सा दाट होतो तो त्यानेच. पायमध्ये बटाट्याचा थर खालच्या रसावर झाकण म्हणून बसतो आणि रस आटू देत नाही. इथे झाकणच रस्स्यात उतरवलं आहे: थोडं पीठ विरघळून रस धरतं, बाकीचं कडं होऊन चावायला उरतं.

शिजलं की नाही हे कडं मोडून बघावं. आतला रंग बाहेरच्यासारखाच हवा, मधे फिकट रेघ दिसली तर अजून पाच मिनिटं. ताटात वाढल्यावर वरून कच्चं तेल किंवा तूप, बाजूला फोडलेला कांदा. तुपापेक्षा मला करडईचं तेल बरं वाटतं. तुपाने हुलग्याचा रांगडेपणा जातो.

पाय आणि शेंगोळे यांच्यातला माझ्या मते सगळ्यात मोठा फरक हातांचा आहे. पाय एकटी बाई करून भट्टीत सरकवू शकते. शेंगोळ्यांना परातीभोवती तीन-चार जण लागतात, नाहीतर पहिली कडी सुकतात तरी शेवटचा गोळा वळायचा असतो. बीड जिल्ह्यात दिवाळी सरली की नेमके हेच हात कमी पडतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघून गेलेल्या असतात. मागे गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं. तिकडे कोपीवर (टोळीच्या झोपडीवर) अंधारात उठून फडात जायचं, तर संध्याकाळी कडी वळत बसायला सवड कोणाला? मग आजी आणि नातवंडं मिळून वळतात, किंवा सरळ माडगं होतं.

ज्यांना पायच करून बघायचा आहे त्यांच्यासाठी घाईत एक सोय. भिजवून शिजवलेली मटकी किंवा अख्खा मसूर कांदा-लसणाच्या फोडणीवर दाट करावा. पळीतून ओघळला तर अजून आटवावा, कारण पातळ रस वरच्या बटाट्याला भिजवतो. बटाटे उकडल्यावर गरम असतानाच कुस्करून वाफ जाऊ द्यावी. भट्टी नसेल तर थर लावण्याऐवजी बटाट्याची जाड थापी तव्यावर तेलात एका बाजूने खरपूस करून ती मसुरावर उलटी घालावी. भाजलेली बाजू वर येते, काम भागतं.

शेंगोळे उरले तर सकाळपर्यंत रस्सा ओढून घेऊन घट्ट होतात. त्यात पाणी घालून पुन्हा पातळ करू नये, तव्यावर तेल टाकून परतावेत आणि भाकरीबरोबर खावेत. रात्री जे पातेल्यात झालं नाही ते खरपूसपण तेव्हा येतं. पुढच्या लेखांकात वरणफळं.