ब्रेम्म : मोझेल नदीकांठचें एक खेडें

जर्मनीच्या पश्चिमेस मोझेल नदीच्या डाव्या कांठीं ब्रेम्म नांवाचें हजाराच्या आंत वस्तीचें एक खेडें आहे. पीक एकच, द्राक्षाचें. तेंहि अशा उतारावर कीं, आपल्याकडील मोजणीदार तेथें सांखळी टाकावयास धजणार नाहीं. त्या उतारावरील जमीन कशी वांटली गेली आणि कशी ओसाड पडूं लागली, ही हकीकत आमच्या शेतकरी वाचकांस परकी वाटणार नाहीं.

मोझेल फ्रान्समधील व्होज डोंगरांत उगम पावून सुमारें ५४४ किलोमीटरांचा प्रवास करून कोब्लेंझ येथें ऱ्हाइनला मिळते. ब्रेम्मजवळ ती जवळजवळ पूर्ण वेढा घेते. वळणाच्या बाहेरील कांठ पाणी कापीत जातें व आंतील कांठास गाळ टाकतें. त्यामुळें समोर सखल जिभेसारखी जमीन, आणि गांवाच्या बाजूस कालमोंटचा कडा. त्याचा उतार कांहीं ठिकाणीं ६५ अंशांपर्यंत आहे. दगड पाटीचा, तो दिवसा तापतो व रात्रीं ऊब सोडतो. कड्याचें तोंड दक्षिणेकडे. इतक्या उत्तरेस रीसलिंग जातीचें द्राक्ष पिकतें, तें या उबेमुळें. पाटीच्या दगडांचे कोरडे बांध रचून अरुंद पायऱ्या केलेल्या आहेत व प्रत्येक वेल स्वतंत्र खुंटास बांधलेली असते.

समोरच्या जिभेवर स्टुबेन मठाच्या देवळाच्या भिंती उभ्या आहेत. ११३७ सालीं स्थापन झालेला हा जोगिणींचा मठ १७८८ सालीं मोडला. पुढें १७९४ सालीं फ्रेंच सैन्य आलें. फ्रेंचांनीं ऱ्हाइनच्या डाव्या कांठावरील धर्मसंस्थांच्या जमिनी लिलांवांत विकल्या व वारसांस समान वांटा देणारा आपला कायदा लागू केला. वांटणीची चाल या खोऱ्यांत जुनीच होती. तिला आतां कायद्याचें बळ आलें. १८१५ सालीं मुलूख प्रशियाकडे गेला, तरी तो कायदा १९०० पर्यंत चालला. बापाच्या दहा पायऱ्या पांच मुलांत, त्यांच्या दोन नातवांत! पोटहिस्से पाडण्यांत आमचा जन्म गेला. पण एकेका पायरीची फाळणी आम्हांस कधीं करावी लागली नाहीं.

तुकडे लहान, आणि त्यांत भाव पडले. १८३४ च्या जकात-संघामुळें दक्षिण जर्मनीची दारू बिनजकात येऊं लागली व मोझेलचा बागाईतदार कर्जांत बुडाला. कार्ल मार्क्स यानें १८४३ सालीं वर्तमानपत्रांतून ही दैना मांडली; त्याच वर्षीं तें पत्र सरकारनें बंद केलें. पुढें २५ फेब्रुवारी १९२६ रोजीं याच नदीवरील बेर्नकास्टेल येथें बागाईतदारांनीं कर-कचेरीवर हल्ला केला आणि दारूवरील कर त्याच वर्षीं उठला. कचेरींतल्या कारकुनांची आम्हांस कींव येते, पण कर वसूल होण्याजोगा नव्हता हें मान्य करावें लागतें.

जर्मनीनें १९५३ सालीं एकत्रीकरणाचा कायदा केला; आपल्या मुंबई प्रांतानें तो १९४७ सालींच केला होता. विखुरलेले तुकडे एकत्र करून रस्ते काढले, तेथें यंत्र चालूं लागलें. परंतु ६५ अंशांच्या कड्यावर यंत्र चालत नाहीं. सपाटीच्या कित्येक पट मजुरी तेथें हातानें घालावी लागते. तरुण मंडळी शहरांत गेली, म्हाताऱ्यांचे गुडघे थकले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कालमोंटच्या पायऱ्या एकामागून एक पडीक झाल्या. पडीक पायरीचें नुकसान तिच्या मालकापुरतें राहत नाहीं. तिच्यांत झुडपें माजतात, बांध फुटला म्हणजे दगड खालच्या शेजाऱ्याच्या वेलींवर येतात, आणि तोहि कंटाळतो.

अलीकडे एका रुळावरून चढणारी दांतेरी गाडी बसविली आहे. माणूस, खत व द्राक्षांच्या पाट्या तीवरून वरखालीं जातात, व कांहीं पडीक पायऱ्यांवर पुन्हां वेली लागल्या आहेत. छाटणी, बांधणी व तोडणी मात्र अजून हातानेंच होते.