एंजिनातील ठोका व त्याचे निदान

एंजिनातील ठोका : अंतर्ज्वलन-एंजिन चालू असताना त्याच्या नेहमीच्या लयीहून वेगळा, ठरावीक अंतराने ऐकू येणारा आघातध्वनी. दोन धातुभागांमधील वाव प्रमाणाबाहेर गेला म्हणजे भाराची दिशा बदलताना एक भाग दुसऱ्यावर आदळतो व ठोका उमटतो. सिलिंडरातील मिश्रणाच्या अनियमित ज्वलनानेही असाच आवाज होतो. पण त्याचे कारण व उपाय निराळे आहेत. वर्षानुवर्षे चाललेल्या एंजिनातील ठोक्याचे कारण बहुधा झीज हे असते. नुकत्याच पुन्हा बांधलेल्या एंजिनात झीज होण्यास अवकाशच मिळालेला नसतो. त्यामुळे तेथील ठोका मापन, घासकाम किंवा जुळणी यांतील चुकीकडे बोट दाखवितो आणि शोधाची दिशा बदलते.

जुन्या, संग्राह्य मोटारगाड्यांच्या बाबतीत हे निदान विशेष महत्त्वाचे ठरते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-श्रेणीतील १,४८९ घ. सेंमी. एंजिनाचे उदाहरण घेता येईल. मॉरिस ऑक्सफर्ड, एमजीए या ब्रिटिश गाड्यांत व भारतात उत्तरपाडा (प. बंगाल) येथे दीर्घकाळ तयार झालेल्या हिंदुस्थान अँबॅसॅडरमध्ये ते वापरले गेले. त्यात चार सिलिंडर असून भुजादंड (कारागिरांच्या भाषेत क्रँक) तीन मुख्य धारव्यांवर फिरतो. असा भुजादंड पूर्वी दोनतीनदा घासून बारीक केलेला असेल, तर चुकीच्या निदानामुळे त्यावर पडलेले चरे काढण्यास पुन्हा धातूच उरत नाही. म्हणून ठोका ऐकू येताच पहिला प्रश्न त्याचे कारण काय हा नसून एंजिन चालू ठेवावे की नाही हा असतो. आवाज खोल, भाराबरोबर वाढणारा असेल आणि तेलाचा दाब उतरत असेल, तर एंजिन तत्काळ बंद करणे हाच मार्ग होय. बी-श्रेणीच्या तापलेल्या एंजिनात रस्त्यावरील वेगाला हा दाब सु. ३.५ किग्रॅ./चौ. सेंमी. असतो, संथ चालीत तो बराच कमी होतो. येथे जाडसर तेल भरून आवाज दडपण्याची प्रथा आढळते. तिने दोष जात नाही, फक्त त्याची सूचना नाहीशी होते.

दाब ठीक असल्यास एंजिन उघडण्यापूर्वी बाहेरील कारणे पहावीत. सैल पंखा, भुजादंडाच्या टोकावरील कप्पीची ढिली चावी, प्रचक्राचे सैल बोल्ट किंवा यांत्रिक पेट्रोल-पंपाची तरफ यांचा आवाज धारव्याच्या ठोक्यासारखाच भासतो. पट्टा काढून काही क्षण एंजिन चालविले, तर पंखा व डायनामो यांवरील संशय फिटतो.

यानंतर ठोक्याची गती मोजावी. चार धावांच्या एंजिनात कॅम दंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो. एंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असताना ठोके ४०० च्या आसपास पडत असतील, तर संशय झडपा, त्यांचे टॅपेट किंवा पेट्रोल-पंप यांच्याकडे जातो. मात्र दट्ट्यावर ज्वलनाचा भार दर दोन फेऱ्यांत एकदाच येत असल्याने काही दट्ट्यांचे आवाजही याच गतीचे असतात. तेव्हा केवळ गणतीवर विसंबून चालत नाही. टॅपेटचा आवाज हलका, टकटक असा असून तो झडपांच्या झाकणापाशी स्पष्ट ऐकू येतो. वाव नीट बसवूनही तो पुन्हापुन्हा वाढत असेल, तर नव्या कॅमचा उंचवटा घासला जात असण्याची शक्यता असते. अशा एंजिनांना जस्त-फॉस्फरसयुक्त झीजरोधक द्रव्य पुरेसे असलेले तेल लागते व आधुनिक तेलांत ते पुष्कळदा कमी असते. आवाजाची जागा शोधण्यासाठी वैद्यकीय पद्धतीची श्रवणनळी वापरतात. लांब पेचकसाचे टोक एंजिनावर व मूठ कानाशी धरण्याची कारागिरांची जुनी रीतही वाईट नाही.

ज्वलनजन्य ठोका : चढावर किंवा प्रवेगक दाबताच खणखणीत, धातूचे मणी सांडल्यासारखा आवाज येतो व वेग स्थिर होताच थांबतो, तेव्हा ठिणगीची वेळ थोडी मागे घेऊन पहावे. आवाज लगेच कमी झाला, तर दोष धारव्यांत नाही. पुनर्बांधणीनंतर हे घडण्याचे एक कारण असे की, सिलिंडर-शीर्ष सपाट करण्यासाठी घासताना ज्वलनकोठी लहान होते. १,४८९ घ. सेंमी. एंजिनाच्या एका सिलिंडराचे विस्थापन सु. ३७२ घ. सेंमी. होते. समजा, कोठीचे घनफळ ५१ घ. सेंमी. आहे, तर संपीडन गुणोत्तर सु. ८.३ येते, घासण्याने कोठी केवळ ३ घ. सेंमी.नी घटली, तरी ते ८.७५ होते. टॉमस मिजली यांच्या प्रयोगांतून १९२१ मध्ये टेट्राएथिल लेडचा आघातरोधक गुण दिसून आला व पुढे बराच काळ शिसेयुक्त पेट्रोल प्रचारात राहिले. भारतात ते २००० साली बंद झाले. त्यामुळे ठिणगीची वेळ जुन्या पुस्तकातील आकड्यावर न ठेवता आजच्या इंधनास अनुसरून बसवावी लागते.

यांत्रिक ठोका : यासाठी एकेका सिलिंडराची ठिणगी क्रमाने बंद करून पाहतात. (विजेचा धक्का बसू नये म्हणून निरोधक पकड वापरावी.) एखाद्या सिलिंडराची ठिणगी तोडताच ठोका मंदावला, तर दोष त्याच्या दट्ट्यात, खिळीत किंवा संयोग दांड्याच्या मोठ्या टोकात असतो. थंड एंजिनात पोकळ आवाज येऊन तापल्यावर तो विरत असेल, तर दट्ट्या सिलिंडराच्या भिंतीवर आदळतो असे समजावे. दट्ट्याची खीळ काही एंजिनांत मध्यरेषेपासून किंचित बाजूला बसविलेली असते व असा दट्ट्या उलटा बसल्यासही हा आवाज होतो. खिळीचा ठोका तीक्ष्ण व दुहेरी असून संथ चालीत स्पष्ट असतो. मोठ्या टोकाचा ठोका प्रवेगकावरील पाय किंचित उचलताच, म्हणजे दांड्यावरील भार उलटताना, सर्वांत ठळक होतो. मुख्य धारव्याचा ठोका जड व दबका असून तो एका सिलिंडराने फारसा बदलत नाही, शेजारचे दोन बंद केल्यावर बदलतो. क्लच दाबताना आवाज बदलला, तर भुजादंड पुढेमागे सरकतो आहे. अशा वेळी दाबधारक चकत्या तपासाव्यात. त्यांची खोबणी असलेली बाजू भुजादंडाकडे हवी. उलट बसविलेली चकती लवकर झिजते.

मोठ्या टोकाच्या किंवा मुख्य धारव्याच्या ठोक्याचे सर्वांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे अर्धकवचांचे चुकीचे माप. साधारण नियमाप्रमाणे धारव्यातील वाव व्यासाच्या सु. एक हजारांश असतो; ५० मिमी. व्यासाला तो ०.०५ मिमी. येतो. भुजादंड ०.०२० इंच घासून त्यावर ०.०१० इंचाची कवचे बसविली गेली, तर ०.०१० इंच (सु. ०.२५ मिमी.) वाव अधिक राहतो, म्हणजे एकूण वाव हव्या त्याच्या सहापट होतो. डब्यावरील आकड्यावर विश्वास न ठेवता मापन करावे. मऊ प्लॅस्टिकचा दोरा कवचात ठेवून टोपी पुऱ्या ताणाने आवळतात व चपट्या झालेल्या दोऱ्याच्या रुंदीवरून वाव वाचतात. प्रत्येक दांडा व त्याची टोपी यांची जोडी कारखान्यात एकत्र छिद्रित केलेली असते. टोप्यांची अदलाबदल झाली किंवा टोपी उलटी बसली, तर छिद्र गोल राहत नाही. बी-श्रेणीत दांड्याचे मोठे टोक एका बाजूस सरकलेले असल्याने दांडा फिरवून बसविला की ते भुजेच्या बाजूवर घासते. कवचामागे राहिलेला धातूचा कीसही तेवढाच घातक असतो.

तेल-गाळणी कापून तिच्या घड्या उजेडात पाहणे हा स्वस्त व फार बोलका पुरावा होय. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे किंवा बिडाचे, न चिकटणारे करडे वा तांबूस पापुद्रे धारव्याचे असतात. तांबूस थर दिसू लागला म्हणजे कवचावरील मऊ मिश्रधातू गेलेला असतो. तेव्हा तळपात्र उतरवून कवचे काढण्यावाचून गत्यंतर नसते. सर्व कवचे सारखीच पुसली गेली असतील, तर पहिल्या सुरुवातीपूर्वी तेलमार्ग भरून घेतले गेले नव्हते किंवा मार्गातील एखादे बूच बसविण्याचे राहून गेले होते, असे मानण्यास आधार मिळतो. एकाच कवचावर दोन विरुद्ध कडांना चकाकी आढळल्यास दांडा वाकलेला असतो.