दांपत्य-समुपदेशनात न सांगितली जाणारी मारहाण

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखादे दांपत्य समुपदेशकाकडे आले, की तक्रार बहुधा 'आमचे पटत नाही' एवढ्याच शब्दांत मांडली जाते. मारहाणीचा उच्चार झाला नाही म्हणून ती होतच नसावी, असे गृहीत धरून दोघांना समोरासमोर बसविणे व मोकळेपणाने बोलण्यास सांगणे धोक्याचे आहे. कारण तेथे उच्चारलेल्या शब्दाचा जाब पत्नीला घरी गेल्यावर द्यावा लागण्याचा संभव असतो.

न सांगणे व न घडणे यांतील अंतर ओ'लिअरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवून दिले. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या विवाहोपचार केंद्रात आलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम ६ टक्के स्त्रियांनी लेखी तक्रारीत शारीरिक आक्रमणाचा निर्देश केला होता. प्रत्यक्ष मुलाखतीत विचारले असता हे प्रमाण ४४ टक्क्यांवर, आणि एकेका कृतीची प्रश्नावली पुढे ठेवताच ५३ टक्क्यांवर गेले.

मराठीत ही अडचण शब्दांतच गुंतलेली आहे. 'छळ' हा शब्द हुंडा, पोलीस ठाणे व न्यायालय यांच्या सहवासाने जड झाला आहे. थोबाडीत बसली तर तिला कोणी छळ म्हणत नाही. 'रागाच्या भरात हात उठला' असे म्हणतात, जणू तो हात कोणाचाच नव्हता! म्हणून 'छळ होतो काय?' असे न विचारता 'ढकलले काय? केस ओढले काय? हात पिरगाळला काय? काही फेकून मारले काय?' असे विचारावे. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाची प्रश्नावली याच धाटणीची असून ती एका घरातील एकाच स्त्रीला, आणि तेही एकांत असेल तरच, विचारली जाते. याखेरीज 'त्यांच्या येण्याची चाहूल लागताच भीती वाटते काय?' हा प्रश्न कधीही गाळू नये. धाकात जगणाऱ्या स्त्रीच्या अंगावर वळ असतीलच असे नाही.

पती व पत्नी या दोघांनाही प्रथम स्वतंत्रपणे भेटावे, व हा सर्वांसाठीचा परिपाठ असल्याचे आरंभीच सांगावे; म्हणजे संशय उद्भवत नाही. कारखान्यांतील पाळ्यांमुळे अशा वेगळ्या वेळा सातपुरात ठरविणे तितकेसे अवघड नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी अधिनियमाच्या १४ व्या कलमातही समुपदेशन एकेकट्याने वा एकत्र घेण्यास वाव आहे; आणि २००६ च्या नियमांनुसार पुरुषाला आपल्या कृत्याचे समर्थन तेथे मांडता येत नाही. भीती आढळल्यास संयुक्त बैठका थांबवून तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था आधी पाहावी. एकीकडची टिपणे दुसऱ्याच्या हाती पडू देऊ नयेत, आणि घरी धाडलेल्या निरोपात भेटीचे कारण लिहू नये.