पट्टी पिवळी पडते तेव्हा

बाटलीत हापशाचं पाणी घ्यायचं. त्यात टार्टारिक आम्लाची पूड टाकायची, मग दुसरी एक पूड, आणि शेवटी जस्ताची भुकटी. लगेच बूच लावायचं. बुचाला मर्क्युरिक ब्रोमाइड चढवलेल्या कागदाची पट्टी अडकवलेली असते. आम्ल आणि जस्त एकत्र आले की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. पाण्यात आर्सेनिक असेल तर ते या हायड्रोजनशी जोडलं जातं, आर्सीन वायू होऊन वर येतं आणि पट्टीला भिडतं. दहा मिनिटांनी पट्टी काढून रंगाच्या तक्त्याशी ताडून पाहायची. पांढरी राहिली तर उत्तम. पिवळी झाली तर सावध व्हायचं. तपकिरी झाली तर ते पाणी कुणाच्या तोंडी लागू द्यायचं नाही. बांगलादेशातल्या आराईहाजारसारख्या भागात अंगणाअंगणांत ही तपासणी झाली आहे. तिला वीज लागत नाही की रसायनशास्त्राची पदवी.

मधली ती दुसरी पूड महत्त्वाची. काही विहिरींच्या पाण्यात सल्फाइड असतं. त्यातून निघणारा कुजक्या अंड्याच्या वासाचा वायूही पट्टी रंगवतो आणि तपासणाऱ्याला फसवतो. ही पूड त्याचा आधीच बंदोबस्त करते. आर्सीन स्वतः अतिशय विषारी असल्यामुळे हे काम मोकळ्या हवेत करायचं, आणि वापरलेल्या पट्टीत पारा असल्यानं ती अंगणात भिरकावायची नाही.

या तपासणीचा जन्म न्यायालयामुळे झाला. १८३२ साली इंग्लंडमध्ये सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, घालून खून केल्याच्या खटल्यात जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञानं पुरावा तयार केला, पण ज्युरींसमोर येईपर्यंत तो खराब झाला आणि आरोपी सुटला. अस्वस्थ झालेल्या मार्शनं १८३६ मध्ये आर्सीन वायूवर आधारलेली नवी कसोटी जाहीर केली. पुढे त्याच शतकात गुटझाइट या जर्मन रसायनतज्ज्ञानं आर्सीनचा डाग काचेऐवजी कागदावर घेतला. आजचा संच त्याच कागदाचा वंशज आहे.

बंगालमध्ये मात्र विष कुणी घातलं नव्हतं. हिमालयातून वाहून आलेल्या गाळातल्या लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेलं असतं. जमिनीखाली प्राणवायू संपला की हे कण विरघळतात आणि आर्सेनिक पाण्यात उतरतं. पूर्वी लोक तळ्यांचं पाणी पीत आणि पटकी-हगवणीनं मरत. ते थांबावं म्हणून १९७० च्या दशकापासून बांगलादेशात उथळ कूपनलिकांचा मोठा प्रसार झाला. पाणी नितळ होतं, त्याला वास नव्हता, चव नव्हती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्यातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी आणि अंगावर काळे-पांढरे ठिपके अशी आर्सेनिकबाधेची लक्षणं असलेले रुग्ण येऊ लागले. बांगलादेशात १९९३ मध्ये चापाई नवाबगंजच्या विहिरींत आर्सेनिक असल्याची खात्री झाली. हा इतिहासातला सर्वांत मोठा सामूहिक विषबाधेचा प्रसंग आहे, असं संशोधकांनी २००० साली लिहिलं.

बांगलादेशाची मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर आणि त्यांत मिळून एक ग्रॅम आर्सेनिक. जागतिक आरोग्य संघटना तर १० मायक्रोग्रॅमच सांगते. इतकं सूक्ष्म प्रमाण कागदाच्या रंगावरून ओळखायचं, यावर आक्षेप आले नसते तरच नवल. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या दीपंकर चक्रवर्ती यांच्या गटानं या संचांच्या चुकांवर कठोर टीका केली, आणि ती गरजेची होती. नंतर आराईहाजारमध्ये ७९९ विहिरींचे निकाल प्रयोगशाळेशी ताडून पाहिले, तेव्हा त्या काळच्या एका संचानं ८८ टक्के विहिरींबाबत बरोबर निर्णय दिल्याचं दिसलं. चुका मुख्यतः ५० ते १०० मायक्रोग्रॅमच्या पट्ट्यात होत्या. त्या संचासाठी सांगितलेल्या वीस मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं थांबलं, तर त्या टाळता येत होत्या.

मला या संचाचं मोल अचूकतेपेक्षा त्याच्या जागेत दिसतं. निकाल पाणी भरणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर लागतो, आणि तिला त्याच दिवशी काही करता येतं. कारण या गाळात आर्सेनिक सारखं पसरलेलं नाही. एका घरचा हापसा विषारी आणि हाकेच्या अंतरावरचा शेजाऱ्याचा चांगला, असं सर्रास आढळतं. शेजारी हंडा भरू देणार असेल तर उपाय झाला. २००६ पर्यंत बांगलादेशात सुमारे ५० लाख कूपनलिका अशा संचांनी तपासून, सुरक्षित असल्या तर हिरव्या आणि विषारी असल्या तर लाल रंगवल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे १४ लाख लाल निघाल्या. आराईहाजारच्या अभ्यासक्षेत्रात विषारी विहीर असलेल्या निम्म्याहून अधिक घरांनी विहीर बदलली. असं पाणी उकळून काही साधत नाही, उलट आर्सेनिक दाट होतं. धुण्याभांड्यांना मात्र ते चालतं, म्हणून लाल हापसा उखडावा लागत नाही.

पण रंग उडतो, आणि लोक स्वखर्चानं नवे हापसे बसवत राहतात. ते कुणी तपासलेले नसतात. बिहारमधल्या एका अभ्यासात तपासणीसाठी पैसे आकारून पाहिले. १० रुपयांत ६९ टक्के घरं तयार झाली, ५० रुपये म्हटल्यावर २२ टक्केच. वाईट निकाल आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश घरांनी पाणी बदललं. काहींचा कल मात्र निकाल लपवण्याकडे दिसला. दूषित पाण्याचा शिक्का घरावर बसणं कुणाला आवडेल? म्हणून ही तपासणी एकाच घराला गाठून न करता एकाच वेळी सगळ्या वस्तीची व्हावी, फुकट व्हावी आणि काही वर्षांनी पुन्हा व्हावी, असं माझं ठाम मत आहे. आणि नवा हापसा बसवणाऱ्या मिस्त्रीच्या अवजारांत पान्ह्याबरोबर हा संचही असावा; पहिलं पाणी त्यानंच तपासून द्यावं.