शिवारातला कोल्हा, रस्त्यावरची बंदूक आणि कायदा

परभणी जिल्ह्याच्या पाथरी तालुक्यात जंगल म्हणावे असे फारसे उरलेले नाही. दक्षिणेच्या अंगाने गोदावरी वाहते, ढालेगाव आणि मुद्गल येथे तिच्यावर बंधारे आहेत, जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी शिवारात फिरते आणि काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी व ऊस उभा असतो. वनक्षेत्राच्या बाबतीत परभणी हा राज्यातल्या अगदी उणे असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. त्यामुळे इथला वन्यप्राणी राखीव जंगलात राहत नाही. तो उसाच्या फडात, नदीकाठच्या बाभळीत, ओढ्याच्या कपारीत आणि गावाच्या गायरानात राहतो. शिकारीचा प्रश्नही म्हणून इथे दुसऱ्याच्या बांधाचा आणि रस्त्याच्या कडेचा होतो.

या शिवारांत कुत्र्याच्या कुळातले तीन रानटी प्राणी वावरतात. सर्वांच्या ओळखीचा तो कोल्हा. वजनाने साधारण आठ ते दहा किलोचा, जोडीने राहणारा, संध्याकाळी कोल्हेकुई करून आपली हद्द कळवणारा. दुसरे खोकड. ते मांजराहून थोडे मोठे, शेपटीचे टोक काळे, माळावर बिळे करून राहणारे. तिसरा लांडगा. मेंढपाळांशी त्याचे जुने वैर, आणि माळराने नांगरली गेल्याने तो आता विरळ झाला आहे. गावात अनेकदा या तिघांना एकाच नावाने ओळखतात आणि लांडग्याचा राग कोल्ह्यावर व खोकडावर निघतो.

कोल्हा सर्वभक्षी आहे. उंदीर, घुशी, खेकडे, किडे, मेलेली जनावरे आणि बोरांसारखी फळे हे त्याचे रोजचे अन्न. उसाची कांडीही तो चघळतो. राखण नसेल तर कोंबडी किंवा करडू उचलतो. शेतकऱ्याचे हे नुकसान खरे आहे आणि ते क्षुल्लक म्हणून उडवून लावणे अन्यायाचे ठरेल. पण ज्वारी-सोयाबीनच्या पट्ट्यात उंदरांवर वर्षभर फुकट पहारा करणाऱ्या प्राण्यांत कोल्हा आणि खोकड आहेत, हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. कोल्ह्याची खरी भीती पिसाळण्याची असते. पिसाळलेला कोल्हा दिवसाढवळ्या माणसांवर धावून येतो. त्याने चावल्यास जखम साबणाच्या पाण्याने भरपूर धुऊन लगेच दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी लागते.

मराठवाड्यात कोल्ह्याची मुद्दाम शिकार तशी कमी. शिकारी निघतात ते ससा, रानडुक्कर, हरीण किंवा रोही (नीलगाय) यांच्यासाठी, आणि त्यात कोल्हा सापडतो. वाघूर म्हणजे जाळे लावतात, फासे मांडतात, कुत्री सोडतात. डुकरासाठी पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब दडवतात, आणि तो तोंडात फुटून कोल्हा, कुत्रा, कधी गायही जबडा फाटून मरते. कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडण्याचा प्रकार तर सर्वांत घातक. याशिवाय ‘कोल्ह्याचे शिंग’ म्हणून एक वस्तू धनलाभासाठी विकली जाते. कोल्ह्याला शिंग नसते. विकली जाते ती बहुतेक कातडी व केस बांधून केलेली बनावट गाठ, आणि तिच्यापायी कोल्हे मारले जातात. जीप किंवा मोटारसायकल काढून रात्री बॅटरीचा झोत शेतात फिरवायचा आणि डोळे चमकले की बार टाकायचा, ही त्यातली नवी रीत. वाहनाच्या उजेडात प्राणी थबकतो, म्हणून ती सोपी वाटते.

या रीतीचा देशातला सर्वांत कुप्रसिद्ध दाखला १९४७ सालचा आहे. आज छत्तीसगडमध्ये असलेल्या कोरिया संस्थानचे राजे रामानुज प्रताप सिंह देव यांनी रात्री मोटारीने जाताना तीन चित्ते टिपले. भारतातल्या मूळच्या शेवटच्या चित्त्यांची खात्रीलायक नोंद म्हणून तीच सांगितली जाते.

स्वातंत्र्यानंतर देशभरासाठी एक कायदा झाला तो १९७२ साली, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम. आज अनेकांना ठाऊक नसते, पण मूळ कायद्याने शिकार पूर्णपणे बंद केलेली नव्हती. परवाने होते, शिकारीचे प्राणी वर्गवार ठरलेले होते, आणि परवानाधारकाने काय करू नये याची यादी कलम १७ मध्ये होती. चाकांच्या किंवा यंत्राच्या वाहनातून शिकार करायची नाही. वाहनाने प्राण्यांना पिटाळायचे नाही. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिकार करायची नाही आणि त्यासाठी कृत्रिम उजेड वापरायचा नाही. या दोन्हींना अपवाद होता तो मारलेल्या सावजावर परत येणाऱ्या मांसाहारी प्राण्यापुरता, तोही खास परवानगीने. विष, स्फोटके, जाळी, खड्डे वापरायचे नाहीत. पाणवठ्यावर दबा धरायचा नाही. आणि सरकारी नसलेल्या जमिनीवर मालकाच्या किंवा कायदेशीर कब्जेदाराच्या संमतीशिवाय शिकार करायची नाही. रस्ता आणि बांध हे दोन्ही मुद्दे कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात पहिल्यापासून होते, हे या कलमावरून दिसते.

कोल्हा मात्र त्या वेळी संरक्षणाबाहेर होता. कावळे, उंदीर, वटवाघळे यांच्यासोबत कोल्हा आणि खोकड पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकलेले होते, आणि त्या यादीतले प्राणी मारायला परवाना लागत नसे. पुढे अधिसूचना काढून दोघांना तिथून हलवले आणि संरक्षित प्राण्यांत घेतले. १९९१ च्या दुरुस्तीने तर शिकारीचा परवाना ही गोष्टच कायद्यातून गेली. त्याबरोबर जुने कलम १७ संपले आणि त्या जागी संरक्षित वनस्पतींबद्दलची कलमे आली. कसे मारावे हे सांगायची गरज उरली नाही, कारण कलम ९ प्रमाणे अनुसूचीतला प्राणी मारणेच बंद झाले. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अनुसूचींची संख्या सहावरून चारवर आली. उपद्रवी प्राण्यांची वेगळी अनुसूची आता नाही. लांडगा आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत आहेत, रानडुक्कर व रोही दुसऱ्या अनुसूचीत. कोल्हा आणि खोकडही संरक्षित आहेत.

‘शिकार’ या शब्दाची कायद्यातली व्याख्या बोलण्यातल्या अर्थापेक्षा पुष्कळ रुंद आहे. मारणे, विष घालणे, पकडणे, पाठलाग करणे, फास किंवा सापळा लावणे, हाका घालून पिटाळणे, आमिष टाकणे, जखमी करणे, शरीराचा भाग काढून घेणे हे सारे तिच्यात येते. मारण्याचा किंवा पकडण्याचा नुसता प्रयत्नही शिकार ठरतो. म्हणजे जीपने हरणांचा कळप पळवला आणि एकही गोळी सुटली नाही, तरी गुन्हा घडतो. ऊसतोडीच्या हंगामात फडात कोल्ह्याची किंवा रानमांजराची पिल्ले सापडतात. ती कौतुकाने घरी नेणे हेही पकडणेच आहे. पिल्ले जागेवर ठेवून तेवढा तुकडा संध्याकाळपर्यंत तोडायचा थांबवला, तर आई बहुधा ती उचलून नेते.

आता बांधाचा प्रश्न. जमीन मालकीची, मग तिच्यावर आलेला प्राणीही आपला, ही समजूत सर्रास आढळते. भारतीय कायदा ती मानत नाही. कलम ३९ नुसार शिकार झालेला, मेलेला सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता असतो. सातबारा कोणाच्या नावावर आहे याने फरक पडत नाही. म्हणूनच शेतमालकाने ‘या, मारा’ म्हटले तरी ती शिकार कायदेशीर होत नाही. उलट बोलावणारा स्वतः गुन्ह्यात साथीदार ठरू शकतो. १९७२ साली मालकाच्या संमतीला वजन होते, १९९१ नंतर शिकारीपुरते ते उरले नाही.

मालकाला न विचारता शिरणाऱ्यांवर वेगळा गुन्हाही लागू होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये अपराधी अतिक्रमणाची तरतूद आहे आणि शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. त्यात नुसते पाऊल टाकणे पुरेसे नसते. गुन्हा करण्याचा किंवा कब्जेदाराला धमकावण्याचा, अपमान करण्याचा अथवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. वाट चुकलेला वाटसरू यात बसत नाही. रात्री बंदूक आणि बॅटरी घेऊन तुरीत शिरलेली टोळी बसते, कारण तिचा हेतूच गुन्ह्याचा असतो. शेताला कुंपण नव्हते किंवा पाटी नव्हती हा बचाव इथे कामाचा नाही.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे, आणि तुलनेने आपला कायदा नीट कळतो. तिथला कायोटी हा कोल्ह्याचाच भाऊबंद. अनेक राज्यांत त्याला संरक्षण नाही आणि तो बहुधा वर्षभर मारता येतो. त्यामुळे वादाचा सगळा भार जागेवर येतो: जमीन कोणाची, परवानगी घेतली का, गोळी रस्त्यावरून सुटली का. टेक्सासमध्ये झाडांवर किंवा खांबांवर ठरावीक उंचीला जांभळ्या रंगाचे उभे पट्टे मारले, तरी तो ‘आत येऊ नये’ असा कायदेशीर इशारा मानला जातो, आणि सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या आरपार गोळी झाडणे हा गुन्हा आहे. तिथे परवानगी मिळाली की शिकार बहुधा वैध ठरते. पाथरीच्या शिवारात परवानगी मिळूनही ती अवैधच राहते.

रस्त्याचा विचार इथे अधिक गांभीर्याने व्हायला हवा. कल्याणहून अहिल्यानगर, माजलगाव, पाथरी, मानवत, परभणी, नांदेड असा निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ तालुक्यातून जातो, आणि त्याला शेतरस्ते व पाणंदी येऊन मिळतात. रात्री पाणी द्यायला निघालेला शेतकरी, जागलीला असलेला सालगडी, फडाशेजारी पालात झोपलेली ऊसतोड कुटुंबे ही सारी त्याच अंधारात असतात. झोतात चमकलेले डोळे कोल्ह्याचे की वासराचे, हे शंभर पावलांवरून सांगता येत नाही, आणि सावजामागे कोण आहे हे तर दिसतच नाही. गोळीने दुसऱ्याचा जीव धोक्यात आणला, तर न्याय संहितेचे कलम १२५ लागते. निष्काळजीपणाने मृत्यू झाला, तर कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बंदुकीचा परवाना शस्त्र अधिनियम १९५९ खाली मिळतो. ठासणीच्या बंदुकीसाठी पीकसंरक्षणाचे कारण त्या कायद्यात मान्य आहे, आणि अनेक घरांत अशा जुन्या बंदुका आहेत. पण शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. बाराने आवाज करून डुकरे हुसकावणे आणि नेम धरून मारणे यांत कायदा काटेकोर फरक करतो. जिल्हा प्रशासन महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश काढते. त्या काळात हत्यार घेऊन रस्त्याने फिरणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरतो. शिकारीत वापरलेले आणि जप्त झालेले वाहन व हत्यार वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३९ नुसार सरकारजमा होते, हे जीप उसनी देणाऱ्या मित्रानेही लक्षात ठेवावे. दोष सिद्ध झाल्यास न्यायालय शस्त्रपरवाना रद्द करू शकते आणि मग पाच वर्षे नवा मिळत नाही.

शेतकऱ्याला मात्र कायद्याने हात बांधून उभे केलेले नाही. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी जीवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला घातक झाला, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी कारणे नोंदवून त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रोही आणि रानडुकरांबाबत अशा परवानगीची पद्धत घालून दिली. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी अट कडक आहे. तो माणसाच्या जीवाला धोकादायक असावा लागतो, किंवा बरा न होण्याइतका जखमी अथवा आजारी. पिकाचे नुकसान हे कारण तिथे चालत नाही. काळविटांनी सोयाबीनचे कोंब खाऊन दुबार पेरणी ओढवलेल्या शेतकऱ्याला ही अट जाचक वाटते, आणि ती तक्रार रास्त आहे. तिच्यावरचा मार्ग नुकसानभरपाईचा आहे. त्यासाठी वन विभागाकडे लवकर अर्ज करून पंचनामा करून घ्यावा लागतो. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे प्राणी मारला गेला, तर तो गुन्हा नाही. पण त्या क्षणी माणूस स्वतः शिकारीला निघालेला असेल, तर हा बचाव मिळत नाही, आणि मेलेला प्राणी दोन्ही वेळा सरकारचाच.

झटका मशीनवरचे सौर कुंपण क्षणभराचा सौम्य धक्का देते, म्हणून ते वापरता येते. थेट वाहिनीचा आकडा टाकलेली तार हा वेगळाच प्रकार. तिच्यात वीजचोरी आहे, शिकार आहे, आणि शेजारचा शेतकरी अंधारात अडकला तर माणसाच्या मृत्यूचा गुन्हाही आहे.

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंड आहे. इतर बहुतेक गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खटले मात्र लांबतात. १९९८ मध्ये जोधपूरजवळ झालेल्या काळविटांच्या शिकारीच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने एका प्रसिद्ध अभिनेत्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली ती एप्रिल २०१८ मध्ये, आणि त्यावर अपील झाले.

शेतात किंवा रस्त्याकडेला असा प्रकार दिसला, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवता येते. वाहनाचा क्रमांक, वेळ आणि गटक्रमांक एवढे सांगितले तरी तपासाला दिशा मिळते. बंदूकधाऱ्यांना स्वतः अडवायला जाऊ नये. महामार्गावर वाहनाखाली मेलेला कोल्हा उचलून नेणे, त्याचे कातडे किंवा केस काढणे हेही गुन्ह्यातच येते. असा प्राणी किंवा त्याचा भाग कोणाच्या ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे खबर द्यावी लागते. वन विभागाने दखल घेतली नाही असे वाटले, तर वन्यजीव अधिनियमाच्या कलम ५५ खाली कोणाही नागरिकाला किमान ६० दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात फिर्याद दाखल करता येते.