हजेरी लागली की ताट

पिंपळे सौदागरच्या कोकणे चौकाभोवती उंच सोसायट्या आहेत, आणि तशाच इमारती बांधणाऱ्या मजुरांची मुलंही याच भागात शाळेत जातात. यांतल्या कोणत्या मुलाला दुपारचं फुकट जेवण मिळणार, हे कोण ठरवतं? तहसीलदार? की रेशन कार्डाचा रंग?

कोणीच नाही! याचं नवल मला अजून वाटतं. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशानं २०१८ साली तिसरीपासून पुढच्या मुलांसाठी घरच्या कमाईची मर्यादा घातली: वर्षाला ७,४०० पौंड. आपला २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा मुलाच्या घराकडे बघतच नाही. तो शाळा बघतो. शाळा सरकारी, महापालिकेची किंवा अनुदानित असली, की आठवीपर्यंत प्रत्येकाला शाळेच्या दिवशी जेवण. परवाच परगावाहून आलेल्या गवंड्याच्या मुलीकडे जन्मदाखला नसला तरी वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. नाव पटावर चढलं, सकाळी हजेरी लागली, की तिचा वाटा धरला जातो: पाचवीपर्यंत १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं, सहावीपासून १५० ग्रॅम, ७०० कॅलरी, २० ग्रॅम. आणि वाढण्याआधी ते जेवण शिक्षकानं चाखून बघायचं, असा नियमच आहे.

हे ताट सहज मिळालेलं नाही. २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामं धान्यानं भरलेली. पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. तोवर बहुतेक राज्यांत मुलांना महिन्याला तीन किलो कोरडं धान्य मिळे. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयानं बजावलं: शिजवलेलं जेवण द्या.

पण घर न बघता शाळा बघण्याच्या या नियमाची दुसरी बाजू मला बोचते. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांवर खाजगी विनाअनुदानित शाळेत गेलेलं मूल घ्या. दुर्बल घटकातून अर्ज करताना त्याच्या आईवडिलांनी वर्षाला एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला काढलेला असतो. म्हणजे गरिबी कागदावर सिद्ध झालेली, पण अन्न सुरक्षा कायद्यात त्या शाळेचा उल्लेख नाही, म्हणून ताटही नाही. तीच गत नववीत गेलेल्या मुलीची. जूनमध्ये वर्ग बदलतो आणि जेवण थांबतं. कायद्यात या दोघांची भर घालायला हवी, आणि तीही दाखला न मागता.